स्टॅटिक आयपी लावला तरी लिनक्स मशीनचा पत्ता बदलतोय? आधी नेटवर्क कोण चालवतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोट्या ऑफिसात एका जुन्या पीसीवर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलाय, सांबाने (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) एक फोल्डर शेअर केलाय, विंडोजची पाच-सहा मशीन त्याच फोल्डरवर बिलं आणि स्कॅन ठेवतात. लाईट जाऊन आली की सर्व्हरचा आयपी बदलतो आणि सगळ्यांच्या मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली येते. नेटवर शोधून 'इटीसी नेटवर्क इंटरफेसेस' या फाइलमध्ये स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी लिहिला, रीबूट केलं, काही फरक नाही. मग एका व्हिडिओत बघून नेटप्लॅनच्या (उबुंटूचं नेटवर्क सेटिंगचं टूल) फोल्डरमध्ये ०१ ने सुरू होणारी नवीन फाइल बनवली, तर आता १९२.१६८.२९.१४३ आणि १९२.१६८.१.५० असे दोन आयपी दिसतात, शेअर चालतो पण इंटरनेट बंद, अपडेट मारलं की शून्य टक्क्यावर अडकून बसतं.

हे सगळं सुटण्यासारखं आहे, फॉरमॅट मारायची अजिबात गरज नाही. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर टाकताना अर्थातच इंग्रजीत, छोट्या अक्षरात आणि आकडेही इंग्रजीच.

आधी आयपी बदलतोच का ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धं काम झालं. मशीन चालू झालं की ते नेटवर्कवर ओरडून विचारतं की मला कोणी पत्ता देतंय का, राऊटरमधला डीएचसीपी सर्व्हर त्याच्या साठ्यातला एक मोकळा पत्ता काढून देतो आणि तोही कायमचा नाही तर भाड्याने, ज्याला लीज म्हणतात. बऱ्याच घरगुती राऊटरवर ही लीज २४ तासांची असते. मुदत अर्धी झाली की मशीन स्वतःहून नूतनीकरण मागतं आणि सहसा तोच पत्ता परत मिळतो, म्हणून महिनोन्महिने काही बदललं नाही असं वाटत राहतं. पण कोणाला कुठला पत्ता दिला ही यादी बरेच स्वस्त राऊटर रॅममध्येच ठेवतात. लाईट गेली, राऊटर बंद पडला, यादी गेली. लाईट आल्यावर ऑफिसातली सगळी मशीन, मोबाईल, प्रिंटर एकदम पत्ता मागायला लागतात आणि जो आधी पोचेल त्याला काहीही मिळू शकतं, जुना पीसी बूट व्हायला वेळ लावतो तोपर्यंत त्याचा कालचा पत्ता एखाद्या फोनला गेलेला असतो. म्हणजे तुमच्या उबुंटूत बिघाड काही नाहीये, ते नियमाप्रमाणेच वागतंय.

आता तुमचे दोन आयपी. टर्मिनलवर 'आयपी ए' मारा आणि नीट वाचा, लोक नुसता आकडा बघतात आणि पुढचं सोडून देतात. १४३ वाल्या ओळीत शेवटी शेवटी डायनॅमिक असा शब्द असेल आणि त्याखाली व्हॅलिड एलएफटी समोर सेकंदांचा आकडा असेल जो दर वेळी कमी होत जातो, ती लीज संपायची उलटी मोजणी आहे. ५० वाल्या ओळीत डायनॅमिक शब्द नसेल आणि व्हॅलिड एलएफटी समोर फॉरेव्हर असेल. फॉरेव्हर म्हणजे हा पत्ता कोणीतरी हाताने लिहून दिलाय. पुढे कधीही स्टॅटिक नक्की लागलाय का अशी शंका आली तर हेच दोन शब्द बघा.

मग 'आयपी आर' मारा. तिथे डिफॉल्ट ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. एक डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ आणि पुढे प्रोटो स्टॅटिक, दुसरी डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.२९.१, प्रोटो डीएचसीपी आणि मेट्रिक १००. इंटरनेट बंद का, त्याचं उत्तर इथे लिहिलेलं आहे. बाहेर जायचे दोन रस्ते असले तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याचं मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी तो रस्ता घेतो, आणि मेट्रिक लिहिलेलंच नसेल तर ते शून्य धरलं जातं. तुम्ही व्हिडिओतून उचललेला १९२.१६८.१.१ हा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, तुमच्या ऑफिसात अस्तित्वातच नाही, पण त्याचं मेट्रिक शून्य असल्याने बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच्याकडे पाठवलं जातंय. शेअर मात्र चालतो कारण २९ च्या नेटवर्कमधल्या मशीनशी बोलायला गेटवे लागतच नाही.

व्हिडिओतला आकडा जसाच्या तसा टाकणं हा या विषयातला सगळ्यात मोठा घोळ आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, हे सगळे १९९६ च्या आरएफसी १९१८ प्रमाणे खाजगी वापरासाठी मोकळे ठेवलेत, त्यामुळे प्रत्येक राऊटर कंपनी आपल्याला हवा तो तुकडा घेते. जिओफायबरच्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, बऱ्याच राऊटरवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या घरी जे आहे ते तुमच्याकडे असेलच असं नाही. म्हणून आपला आकडा आपल्याच मशीनवर आयपी आर मारून काढायचा, प्रोटो डीएचसीपी वाली जी ओळ आहे तिच्यातला गेटवे तोच खरा.

बरं, नवीन आकडा कुठला घ्यायचा. इथे लोक पिंग मारून बघतात, उत्तर आलं नाही की मोकळा आहे असं समजून घेऊन टाकतात. हे चालत नाही हो. तो पत्ता ज्या मशीनचा आहे ते आत्ता बंद असू शकतं, आणि विंडोजचं फायरवॉल तर पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही. त्यापेक्षा राऊटरच्या पानावर जा, लॅन किंवा डीएचसीपी सेटिंग मध्ये कुठून कुठपर्यंत पत्ते वाटायचे ते लिहिलेलं असतं. बऱ्याचदा २ ते २५४ असं सगळंच वाटपाला ठेवलेलं असतं, म्हणजे तुम्ही कुठलाही आकडा घेतला तरी राऊटर तो उद्या दुसऱ्या कोणाला देऊ शकतो आणि मग एकाच पत्त्यावर दोन मशीन. त्याची लक्षणं फार छळतात, शेअर दोन मिनिटं चालतो, मग बंद, मग परत चालतो, सगळे केबल आणि स्विचवर संशय घेत बसतात आणि मूळ कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही.

तर वाटपाचा साठा १०० ते २०० एवढाच करा. छोट्या ऑफिसला शंभर पत्ते भरपूर होतात. आणि २ ते ९९ हे आपल्या हातात ठेवा, त्यातले स्टॅटिक वाटा. तुमच्या सर्व्हरसाठी १९२.१६८.२९.२० घेऊ असं धरून पुढे लिहितो. तरीही खात्री करायची असेल तर आर्पिंग नावाचं छोटं टूल टाका आणि त्याला डॅश कॅपिटल डी, डॅश कॅपिटल आय, मग इंटरफेसचं (नेटवर्क कार्डाचं) नाव आणि पत्ता द्या. ते आयपीच्या खालच्या थरावर विचारतं, त्यामुळे फायरवॉल लावलेलं विंडोज मशीनसुद्धा उत्तर देतं. बंद मशीन मात्र त्यालाही सापडणार नाही, म्हणून साठा बदलणं हाच खरा उपाय.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण माझं मत यात ठाम आहे. पत्ता पक्का करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मशीनवर स्टॅटिक लिहायचं, दुसरा म्हणजे राऊटरवर रिझर्वेशन करायचं, म्हणजे या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) कायम हाच पत्ता दे असं राऊटरला सांगून ठेवायचं. प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, स्टाफचे पीसी यांना रिझर्वेशनच करा, सगळं एका जागी दिसतं, उद्या राऊटरचा गेटवे किंवा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलला तर प्रत्येक मशीनजवळ जाऊन बसावं लागत नाही. पण सर्व्हरला मशीनवरच स्टॅटिक पाहिजे. कारण इंटरनेटवाला कधीतरी येतो, राऊटर बदलून जातो किंवा मागचं बारीक बटण दाबून रीसेट करून जातो, आणि तुमची सगळी रिझर्वेशनं त्याच्याबरोबर जातात. शिवाय त्या मॅकवर अवलंबून राहायचं तर नेटवर्क कार्ड बदललं की परत तेच. सर्व्हरवर स्टॅटिक लिहा आणि जमलं तर राऊटरवर त्याच पत्त्याचं रिझर्वेशन पण करून ठेवा, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. लिनक्सवर नेटवर्क चालवणारा प्रोग्राम एकच नाही, आणि ज्या मशीनवर जो मालक आहे त्याच्याच फाइलमध्ये लिहिलं तरच उपयोग. तुम्ही इटीसी नेटवर्क इंटरफेसेस मध्ये लिहिलंत ते बरोबरच लिहिलं असेल, पण ती फाइल इफअपडाऊन नावाचा जुना संच वाचतो आणि उबुंटूने २०१७ च्या १७.१० पासून तो सोडून नेटप्लॅन घेतलं. तुमच्या मशीनवर ती फाइल वाचणारा कोणी नाहीच. एररही येत नाही कारण एरर द्यायलाही कोणीतरी वाचायला लागतं. नेटवरचे निम्मे लेख २०१४-१५ चे आहेत आणि ते तेव्हा शंभर टक्के बरोबर होते, म्हणून लेखाची तारीख बघायची सवय लावून घ्या.

डेबियनवर मात्र डेस्कटॉप न टाकता सर्व्हर इन्स्टॉल केलं असेल तर तीच फाइल आजही चालते. रास्पबेरी पायवर अजून वेगळं, तिथे वर्षानुवर्षं डीएचसीपीसीडी डॉट कॉन्फ मध्ये लिहायचे, ऑक्टोबर २०२३ ला बुकवर्म वाली आवृत्ती आली आणि तिथे नेटवर्क मॅनेजर आला, त्यामुळे पायवर जुना उपाय करून रडणारे आजही रोज भेटतात. रेडहॅट घराण्यात, म्हणजे रॉकी, अल्मा वगैरे, आधी नेटवर्क-स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या इफसीएफजी फाइली असायच्या, ९ पासून नवीन कनेक्शन नेटवर्क मॅनेजरच्या स्वतःच्या कीफाइलमध्ये जातात आणि १० मध्ये इफसीएफजी काढूनच टाकलं. उबुंटू डेस्कटॉप, मिंट, फेडोरा सगळीकडे नेटवर्क मॅनेजर.

आपल्या मशीनवर कोण आहे ते ओळखायला 'सिस्टिमसीटीएल इज-ॲक्टिव्ह' पुढे नेटवर्कमॅनेजर आणि मग सिस्टिमडी-नेटवर्कडी असं टाकून बघा, ज्याच्यापुढे ॲक्टिव्ह येईल तो मालक. नेटवर्कमॅनेजर लिहिताना एन आणि एम कॅपिटल लागतात, आर्पिंगच्या डी आणि आय सारखा हाही अपवाद. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कडी ॲक्टिव्ह येईल आणि त्याला हुकूम देणारं नेटप्लॅन असतं. नेटप्लॅन स्वतः नेटवर्क चालवत नाही, ते तुमची यामल (ओळी आणि स्पेसच्या मांडणीवर चालणारी सेटिंगची) फाइल वाचून खालच्या प्रोग्रामला समजेल अशी फाइल बनवून देतं, बस.

मग तुम्ही नेटप्लॅनमध्ये लिहूनही दोन आयपी का आले? कारण त्या फोल्डरमधल्या डॉट यामल ने संपणाऱ्या सगळ्या फाइली नेटप्लॅन नावाच्या क्रमाने वाचतं आणि एकात एक मिसळतं. तुमच्या ०१ वाल्या फाइलमध्ये डीएचसीपी४ फॉल्स आहे, पण इन्स्टॉलरने बनवलेली ५०-क्लाउड-इनिट डॉट यामल नंतर वाचली जाते आणि तिच्यात डीएचसीपी४ ट्रू आहे. एकच गोष्ट दोन फाइलींमध्ये वेगळी असेल तर शेवटी वाचलेली जिंकते, म्हणून डीएचसीपी चालूच राहिलं. पत्त्यांची यादी मात्र बदलली जात नाही, ती जोडली जाते, म्हणून तुमचा ५० वाला पण आला. 'सुडो नेटप्लॅन गेट' मारलंत तर मिसळून तयार झालेलं चित्र एकत्र दिसेल, त्यात हे दोन्ही शेजारी शेजारी दिसतील.

अजून एक खाचखळगा इथेच आहे. फाइल बदलायच्या आधी लोक चांगल्या सवयीने बॅकअप घेतात पण त्याच फोल्डरमध्ये आणि नावाच्या शेवटी डॉट यामल तसंच ठेवून, म्हणजे नेटप्लॅन तो बॅकअपही वाचतं. बॅकअप होम फोल्डरमध्ये न्या.

आता करूया. तुमची ०१ वाली फाइल होममध्ये हलवा, ५०-क्लाउड-इनिट ची एक कॉपी पण होममध्ये ठेवा. फोल्डरमध्ये एकच फाइल उरली पाहिजे. त्या फाइलच्या वरच जर क्लाउड-इनिटने (पहिल्या बूटला मशीनचं सेटिंग करणारा प्रोग्राम) हे बनवलंय आणि बदल टिकणार नाहीत अशा अर्थाचा इशारा असेल तर इटीसी क्लाउड खालच्या क्लाउड डॉट सीएफजी डॉट डी या फोल्डरमध्ये ९९-डिसेबल-नेटवर्क-कॉन्फिग डॉट सीएफजी नावाची फाइल बनवून त्यात एकच ओळ टाका, नेटवर्क, कोलन, स्पेस, मग महिरपी कंसात कॉन्फिग कोलन स्पेस डिसेबल्ड. इशारा नसेल तरी टाकायला हरकत नाही, मी टाकतोच.

मग ५० वाली फाइल नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरने उघडा. सगळ्यात वर, अगदी डावीकडे, नेटवर्क कोलन. त्याखाली दोन स्पेस सोडून व्हर्जन कोलन २, त्याच रांगेत इथरनेट्स कोलन. त्याखाली चार स्पेस सोडून तुमच्या कार्डाचं नाव कोलन, ते आयपी ए मध्ये दिसतं, ईएनपी२एस० असं काहीतरी. व्हिडिओतलं ईटीएच० लिहू नका, ते जुनं नाव आहे, हल्ली कार्ड मदरबोर्डवर कुठल्या जागी बसलंय त्यावरून नाव पडतं. त्याखाली सहा स्पेसवर चार गोष्टी येतात, चारही एकाच रांगेत. पहिली डीएचसीपी४ कोलन फॉल्स. दुसरी ॲड्रेसेस कोलन, आणि तिच्याखाली आठ स्पेसवर डॅश, स्पेस, १९२.१६८.२९.२०/२४. तिसरी राऊट्स कोलन, तिच्याखाली आठ स्पेसवर डॅश स्पेस टू कोलन डिफॉल्ट, आणि पुढच्या ओळीत दहा स्पेसवर, म्हणजे टू च्या बरोबर खाली, व्हाया कोलन १९२.१६८.२९.१. चौथी नेमसर्व्हर्स कोलन, खाली आठ स्पेसवर ॲड्रेसेस कोलन, आणि त्याच्याखाली दहा स्पेसवर डॅश टाकून एकेक डीएनएस. प्रत्येक कोलननंतर एक स्पेस हवीच, आणि टॅब कुठेही वापरायचा नाही, यामलला टॅब चालतच नाही. डोळ्याला सगळं सरळ दिसतं आणि तरी एरर येतो तेव्हा दहात नऊ वेळा टॅब निघतो.

त्या स्लॅश २४ बद्दल दोन शब्द. तो म्हणजे २५५.२५५.२५५.० हाच मास्क, पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा, आणि त्या नेटवर्कमध्ये २५४ मशीन बसतात. नेटप्लॅनमध्ये तो विसरलात तर नेटप्लॅन लगेच तक्रार करतं, हे चांगलं आहे. पण आयपी कमांडने किंवा नेटवर्क मॅनेजरच्या कमांडने पत्ता देताना विसरलात तर ते गुपचूप स्लॅश ३२ धरतात, म्हणजे मशीनला वाटतं की या नेटवर्कमध्ये मी एकटाच आहे, शेजारचा राऊटरसुद्धा त्याला दिसेनासा होतो. पत्ता बरोबर दिसतोय पण कशालाच पिंग जात नाही असं असलं की पहिल्यांदा हा स्लॅश बघायचा.

जुन्या लेखांमध्ये राऊट्सच्या जागी गेटवे४ असं लिहिलेलं दिसेल. अजून चालतं पण डेप्रिकेटेड (कालबाह्य) असा इशारा येतो, नवीन लिहिताना राऊट्सच लिहा.

डीएनएस हाताने द्यायलाच लागतो हे बरेच जण विसरतात. डीएचसीपी तुम्हाला नुसता पत्ता देत नव्हतं, मास्क, गेटवे आणि डीएनएस पण देत होतं. ते बंद केलं की चारही गोष्टी तुमच्याकडे आल्या. पहिला राऊटरचाच पत्ता द्या, दुसरा ८.८.८.८ किंवा १.१.१.१ द्या. ऑफिसात विंडोजचा डोमेन सर्व्हर असेल तर मात्र फक्त त्याचाच द्या, नाहीतर आतली नावं कधी सापडतील कधी नाही. आणि काहीही झालं तरी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल उबुंटूवर हाताने बदलू नका. ती उघडलीत तर आत १२७.०.०.५३ दिसेल, ते चुकीचं नाहीये, मशीनवरच चालणाऱ्या सिस्टिमडी-रिझॉल्व्हडीचा तो पत्ता आहे. खरे डीएनएस बघायचे तर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' मारा.

सेव्ह करून फाइलची परमिशन ६०० करा, सीएचमॉड ने, नाहीतर फाइल सगळ्यांना वाचता येतेय म्हणून नेटप्लॅन इशारे देत राहतं. आणि मग लगेच अप्लाय करू नका, 'सुडो नेटप्लॅन ट्राय' करा. हे मला नेटप्लॅनमधलं सगळ्यात आवडतं. ते नवीन सेटिंग लावतं आणि १२० सेकंद वाट बघतं, तुम्ही एंटर दाबला तर कायम, नाही दाबला तर जुनं सेटिंग आपोआप परत.

मशीनसमोर बसून करत असाल तर एवढं पुरे. पण तुम्ही एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनल उघडून, दुसऱ्या मशीनवरून करत असाल, तर पत्ता बदलताच तुमचं सेशन गोठेल आणि एंटर दाबायला मिळणारच नाही. त्याला एक साधी युक्ती आहे. आधी 'सुडो आयपी ॲडर ॲड १९२.१६८.२९.२०/२४ डेव्ह ईएनपी२एस०' असं करून नवीन पत्ता जुन्याच्या जोडीला तात्पुरता लावा. हा बदल फक्त चालू कर्नलमध्ये असतो, रीबूट केलं की पुसला जातो, त्यामुळे धोका नाही. मग नव्या पत्त्यावर दुसरं एसएसएच उघडा, विंडोज मशीनवरून त्या पत्त्यावर शेअर उघडतोय का तेही बघून घ्या, आणि त्या नव्या सेशनमधून नेटप्लॅन ट्राय मारा. तुम्ही ज्या पत्त्यावरून आलात तोच नव्या सेटिंगमध्ये असल्याने सेशन टिकतं. ज्यांचा सर्व्हर दुसऱ्या गावच्या शाखेत आहे त्यांनी तर याशिवाय हात लावूच नये, एक चूक झाली की तिथल्या कोणालातरी फोनवरून यामल सांगत बसावं लागतं.

ज्यांच्याकडे नेटवर्क मॅनेजर आहे त्यांचं काम सोपं आहे. डेस्कटॉप असेल तर सेटिंग्ज, नेटवर्क, त्या कनेक्शनसमोरचं चक्र, आयपीव्ही४ टॅब, मॅन्युअल, आकडे भरा, डीएनएसच्या शेजारचं ऑटोमॅटिक बंद करा, अप्लाय. आणि हे महत्त्वाचं, कनेक्शन एकदा बंद करून परत चालू करा, त्याशिवाय जुनाच पत्ता दिसत राहतो आणि सेव्ह झालं नाही असं वाटतं. डेस्कटॉप नसेल तर 'एनएमटीयूआय' मारा, निळ्या पडद्यावर मेनू येतो, बाणांनी फिरून भरता येतं, नवीन माणसाला मी हेच सांगतो. कमांडनेच करायचं तर 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', पुढे कनेक्शनचं नाव, आणि मग ॲड्रेसेस, गेटवे, डीएनएस आणि मेथड मॅन्युअल हे सगळं एकाच कमांडमध्ये द्या. नुसतं मेथड मॅन्युअल आधी वेगळं दिलंत तर पत्ता कुठंय असं म्हणून ते नकार देतं. शेवटी कनेक्शन अप. नावात स्पेस असेल, वायर्ड कनेक्शन १ असं, तर अवतरण चिन्हात टाका.

लॅपटॉपवर वायर आणि वायफाय दोन्ही असेल तर गेटवे एकालाच द्या, निदान एकाच नेटवर्कमध्ये दोघांना स्टॅटिक देऊन ठेवू नका. तुमचं इंटरनेट ज्या कारणाने अडकलं तसलेच प्रकार तिथेही होतात.

लावून झाल्यावर तपासणी खालून वर करायची. आधी गेटवेला पिंग. तिथेच अडलं तर पत्ता, मास्क किंवा केबल. ते चाललं तर ८.८.८.८ ला पिंग, तिथे अडलं तर डिफॉल्ट रस्ता चुकलाय, आयपी आर बघा. तेही चाललं तर कुठल्यातरी साइटच्या नावाला पिंग, आणि इथे अडलं तर फक्त डीएनएस. सरळ ब्राउझर उघडून पेज लागत नाही म्हणून सगळंच बदलायला घेऊ नका. मग आयपी ए मध्ये फॉरेव्हर बघा, डायनॅमिक कुठेच दिसता कामा नये. मग रीबूट, आणि परत तेच.

रीबूटनंतर पडद्यावर नेटवर्क कॉन्फिगर व्हायची वाट बघतोय अशा अर्थाची ओळ येऊन मशीन दोन मिनिटं थांबलं तर घाबरू नका. तुमच्या पीसीला दोन लॅन पोर्ट असतील आणि एकात केबल नसेल पण फाइलमध्ये त्याचंही नाव असेल तर असं होतं. त्या पोर्टच्या नावाखाली ऑप्शनल कोलन ट्रू लिहा किंवा ते नावच काढून टाका.

तुम्ही शेवटी हेही विचारलंय की हाच पत्ता वापरून घरून सर्व्हरवर येता येईल का, की इंटरनेट कंपनीला पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायला लागेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आत्ता जो लावला तो ऑफिसच्या भिंतींच्या आतला पत्ता, बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. कंपनी पैसे घेऊन देते तो राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता. राऊटरच्या पानावर वॅन आयपी बघा, तो १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच बाहेरचा पत्ता कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय, आणि मग राऊटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आलेली मागणी आतल्या मशीनकडे वळवा), बाहेरून काही येणार नाही. आणि बाहेरचा पक्का पत्ता घेतलात तरी सांबाचा पोर्ट इंटरनेटला उघडा करू नका, कृपा करून. बिलांचा फोल्डर आहे तो. घरून यायचं तर वायरगार्डसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात येणारा खाजगी बोगदा, लावा, आणि सीजीनॅट असेल तर टेलस्केलसारखं काहीतरी, जे आतून बाहेर जोडणी करतं.

एक गोष्ट राहिली जी तुमच्या मूळ तक्रारीशी थेट जोडलेली आहे. सर्व्हर आता राऊटरवर अवलंबून नाही, पण तुमची विंडोज मशीन अजून आहेत. लाईट आली, सर्व्हर २० वर बसला, विंडोज मशीन पण चालू झाली आणि राऊटर अजून बूटच होतोय, तर त्या मशीनना पत्ता देणारं कोणी नसतं आणि ती स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतात. त्या पत्त्यावरून २९ चं नेटवर्क दिसत नाही, म्हणजे परत लाल फुली, आणि सगळे म्हणणार स्टॅटिक लावूनही तेच. थोड्या थोड्या वेळाने विंडोज परत विचारतं आणि मग सुरळीत होतं, पण तोपर्यंत बोलणी तुम्हाला बसतात. म्हणून राऊटर आणि स्विच दोन्ही सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या, दोघं मिळून फार वीज खात नाहीत. आणि मॅप केलेले ड्राइव्ह आता एकदाच तोडून १९२.१६८.२९.२० वर नव्याने मॅप करा, रीकनेक्ट ॲट साइन-इन वर टिक ठेवून, जुन्या पत्त्यावरचे मॅपिंग आपोआप बदलत नाहीत.